ताईंच्या गाडीतला पिवळा दिवा

पैज लावली तेव्हा ऑक्सिजन सेन्सर म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. तो गाडीत असतो की दवाखान्यात, इथपासून माझी सुरुवात होती. पण समोर मीटरसाहेब असले की मला माहिती लागत नाही. ते 'हो' म्हणाले की मी 'नाही' म्हणतो. बारा वर्षं आमचं असंच चाललंय आणि त्यामुळे दोघांचीही तब्येत ठणठणीत आहे.

मीटरसाहेब आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. जन्मभर लोकांच्या दारात उभं राहून विजेची मीटरं तपासली. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून बायकोचा स्वयंपाक तपासायला लागले. तेव्हा मुलीनं आईची दया येऊन बापाला एक स्कॅनर आणून दिला. मोबाइलएवढं खोकं. गाडीच्या स्टिअरिंगखाली खोचायचं, की गाडीला काय दुखतंय ते आकड्यांत सांगतं. तेव्हापासून इमारतीतली एक गाडी साहेबांनी सोडली नाही. धडधाकट गाड्यांनासुद्धा खोचून बघायचे.

त्या रविवारी सकाळी खोकं ताईंच्या गाडीत खोचलेलं होतं. ताई पहिल्या मजल्यावरच्या. गाडी शिकवतात. ड्रायव्हिंगची शाळा त्यांची एकटीची, मालकीण त्याच, मास्तरीण त्याच, आणि गाडी एकच. बारा दिवसांनी, शुक्रवारी, त्या गाडीची सरकारी तपासणी होती. पास झाली तर शाळेचा परवाना पुढे चालू. नाही झाली तर पुढची तारीख तीन महिन्यांनी, आणि परवाना संपत होता महिनाअखेरीला. म्हणजे शाळेला कुलूप. आणि नेमका आठवड्यापूर्वी गाडीत वेगाच्या काट्याशेजारी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला होता. तो दिसला की तपासणीवाला गाडीभोवती फिरतसुद्धा नाही, तिथूनच परत पाठवतो.

माझं दुकान जिन्याखाली आहे. चाव्या बनवतो, कुलपं उघडतो, नंबरप्लेटचे स्टिकर कापतो. पार्किंग बरोबर समोर. त्यामुळे मला सगळं दिसतं आणि सगळं ऐकू येतं, आणि लोकांचं म्हणणं आहे की माझ्या धंद्याला हेच जास्त बरकत देतं.

"पी, शून्य, एक, सात, एक," साहेबांनी खोक्यावर वाचलं. "सरळ आहे. ऑक्सिजन सेन्सर गेला."

"असं लिहिलंय त्यात?" ताईंनी विचारलं.

"लिहिलंय, मिश्रण पातळ. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. हे मोजतं कोण? सेन्सर. सायलेन्सरच्या पाइपात बसून मोजतो. चुकीचं मोजतोय म्हणजे गेला. मी व्हिडिओ पाहिलाय."

मी आतूनच ओरडलो, "सेन्सर नाही गेला!"

"तुला काय कळतं रे चाव्या?"

"काहीच नाही. पण नाही गेला."

"लाव पैज!"

"लावली!"

असं ते झालं. साहेबांनी जागच्या जागी कलमं सांगितली, सरकारी नोकरीतला माणूस. नवा सेन्सर बसवायचा. दिवा विझला आणि तपासणीपर्यंत विझलेला राहिला तर साहेब जिंकले. परत लागला तर मी जिंकलो. हरेल त्यानं तपासणीनंतरच्या रविवारी, सगळी इमारत गॅलरीत उभी असताना, ताईंची गाडी इंजिन बंद ठेवून इमारतीभोवती एक फेरी ढकलायची. जिंकेल त्यानं आत बसून हॉर्न वाजवायचा.

"माझी शाळा बुडायची वेळ आलीय," ताई म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघं माझ्याच गाडीवर पैजा लावा." पण म्हणताना हसल्या. त्या दिवशी तरी हसल्या.

सोमवारी आमच्या गल्लीच्या टोकाच्या मेकॅनिकनं नवा सेन्सर बसवला. हा मेकॅनिक म्हणजे एक वल्ली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो आणि ऐकत बसतो. म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. दुकान अकराला उघडतो आणि त्याच्या आधी कुणी शटर वाजवलं तर आतून शिव्या घालतो. ताई सकाळी सहापासून चार-पाच शिकवण्या उरकून अकराला त्याच्याकडे गेल्या. त्यानं ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि मान हलवली.

"मला आत काही वावगं ऐकू येत नाही. साहेब म्हणतात तर सेन्सर बदलतो. जुना मात्र मी ठेवणार."

सेन्सर बदलला, साहेबांनी खोक्यातून कोड पुसला, दिवा विझला. संध्याकाळी साहेब पार्किंगमध्ये अशा चालीनं फिरत होते की जणू गाडीचा शोधच त्यांनी लावला होता. जाता-येता माझ्या काउंटरवर टकटक करायचे. "चाव्या, दंडबैठका सुरू कर."

मंगळवार गेला. दिवा बंद. बुधवार उजाडला. दिवा बंद. मला घाम फुटायला लागला. घरी बायको म्हणाली, "ढकलताना कंबर धरली तर तिथेच बसून राहा. उचलायला मी येणार नाही."

आता मला सांगा, असा माणूस काय करणार? माझ्याकडे पिवळं रेडियम होतं. कटर होतं. ताईंच्या गाडीची जादा चावी होती, कारण इमारतीतल्या निम्म्या लोकांच्या जादा चाव्या माझ्याकडेच असतात. मी नखाएवढं इंजिनाचं चित्र कापलं, दुपारी ताई जेवायला वर गेल्यावर गाडी उघडली आणि काट्याशेजारच्या काचेवर, जिथे दिवा लागतो बरोबर तिथे, चिकटवून आलो.

चार वाजता साहेब ताईंकडून चावी घेऊन रोजच्या पाहणीला आले. वाकले. थबकले. खोकं खोचलं. खोकं म्हणालं, काही नाही, सगळं ठीक. दिवा मात्र लागलेला. साहेबांनी चावी फिरवून गाडी बंद केली. दिवा चालू. चावी काढून हातात घेतली. दिवा चालू. मी काउंटरखाली तोंडात फडकं कोंबून बसलो होतो. मग साहेबांनी बॉनेट उघडलं आणि बॅटरीची तार काढली. येऊन पाहिलं. दिवा चालू!

साहेब दोन पावलं मागे सरले. जन्म विजेत काढलेला माणूस. वीज नाही आणि दिवा चालू. त्यांचा चेहरा असा झाला होता की चाळीस वर्षांत तपासलेली सगळी मीटरं एकदम उलटी फिरायला लागली असावीत. "ताई! ताई, खाली या!" आवाज पार फाटला होता.

ताई धावत आल्या. पायात चप्पल नाही, हात पिठाचे. वाकून पाहिलं, नख लावलं आणि स्टिकर सोलून काढला. तोपर्यंत मी बाहेर येऊन पोट धरून हसत होतो. वरच्या गॅलऱ्यांतलेही हसत होते. साहेबसुद्धा शेवटी हसले, तार परत लावता लावता.

ताई हसल्या नाहीत. स्टिकर बोटावर चिकटला होता, तो त्यांनी माझ्या काउंटरच्या कडेला पुसला. "दादा, तपासणी आहे हे माहीत आहे ना? मला वाटलं, गेली शाळा." आणि वर निघून गेल्या.

मी म्हटलं, येईल राग, जाईल. माझ्यावर रुसलेली माणसं आठवड्यात परत येतात, कारण कुलपं अडकायची थांबत नाहीत.

रविवारी सकाळी ताईंच्या गाडीत पिवळा दिवा लागला.

आम्हाला कळलं ते असं, की ताई गाडीत बसून काच खरवडत होत्या. नखानं, मग नाण्यानं. मग माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "या वेळी काचेच्या आत कसा घातलात तेवढं सांगा."

"काय आत घातलं?"

"दादा, पुरे आता."

मी खाली गेलो, पाहिलं. दिवा खरा होता. चावी काढली की विझत होता. मी हे ओरडून सगळ्यांना दाखवलं, "बघा, विझतोय! माझा विझत नव्हता! म्हणजे हा माझा नाही!" असला बचाव मी आयुष्यात पहिल्यांदा करत होतो आणि मलाच तो पटत नव्हता.

साहेबांनी खोकं खोचलं. पी, शून्य, एक, सात, एक. तोच कोड.

"सेन्सर नवा कोरा," साहेब म्हणाले. "म्हणजे बिघाड यंत्राचा नाही, माणसाचा आहे. गाडीची चावी कुणाकडे? याच्याकडे. दिवा लागला तर पैज कोण जिंकतं? हाच. काहीतरी ढिलं करून ठेवलंय यानं."

"मला बॉनेट उघडल्यावर आत काय असतं ते तरी ठाऊक आहे का?"

"कुलपाच्या आत काय असतं ते ठाऊक असतं की," कुणीतरी गॅलरीतून म्हणालं, आणि सगळे हसले. माझ्याच इमारतीत माझ्यावर हसले. आणि खरं सांगायचं तर वाक्य चांगलं होतं.

ताईंनी हात पुढे केला. मी जादा चावी त्यांच्या हातावर ठेवली.

त्या दिवशी दुकानात बसून मी डोकं खाजवत राहिलो. खरंच मी काही केलं नव्हतं ना? माणसानं इतक्या खोड्या केल्या की हिशेब राहत नाही. मागे एकदा मी ताईंच्या सायलेन्सरच्या तोंडात शिट्टी बसवली होती. गाडी सुरू झाली की रेफरी आल्यासारखं वाजायचं. ती मी काढली होती का? काढली असेल तर कुठे ठेवली? दोन खण उपसले. तिसऱ्यात सापडली. जीव भांड्यात पडला आणि लगेच परत बाहेर आला, कारण शिट्टी इथे आहे, तर मग गाडीत आहे तरी काय?

मी डॉक्टरकडे गेलो. तोही वैतागलेला.

"हवा कुठूनतरी शिरतेय," तो म्हणाला. "पण सापडत नाही. ताई अकराला आणतात, मी कान लावतो, गाडी गोगलगाईसारखी गरीब. आज पुन्हा पाहिली, वरवर सगळं ठीक."

"साहेब म्हणतात, शुक्रवारी सकाळी कोड पुसून गाडी न्यायची."

"नेऊ देत. तिथल्या यंत्रात दिसतं, की कोड नुकताच पुसलाय. पुसल्यावर गाडी दोन दिवस चांगली पळवावी लागते, मग तिच्या आतल्या तपासण्या पुऱ्या होतात. नुसती पुसलेली गाडी ते परत पाठवतात."

"मग काय करायचं?"

"मला ती गाडी सकाळची पाहिजे. गार. पहिल्यांदा सुरू होताना. हे मी ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, सकाळी सहाला शिकवणी आहे, आणि इंजिन खोलायची गरज नाही, चावी काढून घेतलीय, आता काही होणार नाही."

झालं! ताईंच्या लेखी बिघाड म्हणजे मी. मला काढलं की बिघाड निघाला. सोमवार गेला, मंगळवार आला, त्या दिवा लागलेला ठेवून साहेबांच्या पुसण्याची वाट बघत होत्या. आणि शुक्रवारी गाडी परत येणार होती, हे मला आणि डॉक्टरला दिसत होतं. मी दोनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा त्यांनी दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "डॉक्टरांनाही सामील करून घेतलंत?"

बायको म्हणाली, "लांडगा आला रे आला करत बारा वर्षं नाचलात. आता खरा आलाय तर बसा बोंबलत."

"पण शाळा त्यांची जाईल गं."

"मग असं काहीतरी बोला, की ज्यात तुमचा फायदा नाही. तुम्ही तसं बोललात तर लोकांना धक्काच बसेल, निदान ऐकतील."

बायको माझ्यापेक्षा हुशार आहे हे मी इमारतीत कधी कळू दिलेलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी ताई शेवटची शिकवणी उरकून आल्या. साहेब पार्किंगमध्येच होते, गॅलऱ्यांत नेहमीची मंडळी. मी मधोमध जाऊन उभा राहिलो आणि चाव्यांचा जुडगा पत्र्यावर वाजवला.

"ऐका! मी पैज हरलो."

साहेब गोंधळले. "हरलास कसा? दिवा लागलाय. कलमाप्रमाणे तू जिंकलास."

"नाही. हरलो. रविवारी गाडी मी ढकलणार."

"अरे पण दिवा..."

"साहेब, तुम्हाला जिंकवतोय तर जिंका ना गप्प!"

ताई गाडीच्या दाराला हात लावून तशाच उभ्या होत्या. "दादा, यात काय डाव आहे?"

"डाव असा, की पैज जिंकायला मी तुमच्या गाडीत काही केलं असेन, तर हातात आलेली पैज मी सोडेन का? सगळ्या इमारतीसमोर गाडी ढकलायला तयार होईन? या कंबरेनं?"

साहेब बोटांवर काहीतरी मोजत होते. मीही मनात तपासून पाहत होतो, की मी जे बोललो ते बरोबर आहे का, कारण ते बोलता बोलता माझं मलाच नवीन होतं.

"यात काहीतरी आहे," साहेब पुटपुटले. "याच्यात काहीतरी असतंच."

"असेल तर उद्या सकाळी कळेल," ताई म्हणाल्या. "डॉक्टरांना म्हणावं साडेपाचला या. साहेब, तुम्हीही या. आणि दादा, तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर उभं राहायचं, खिशात हात नाही."

बुधवारी पहाटे साडेपाचला डॉक्टर आला तो एक डोळा मिटलेलाच. "साडेपाचला मी माझ्या लग्नातसुद्धा उठलो नव्हतो. मुहूर्त पुढे ढकलला होता." ताईंची सहाची विद्यार्थिनी, कापडाच्या दुकानातली बाई, लवकर येऊन पोहोचली होती. साहेब खोकं घेऊन, मफलर गुंडाळून. मी हात वर करून.

"करा सुरू," डॉक्टर म्हणाला आणि स्क्रूड्रायव्हर कानाला लावला.

ताई बसल्या आणि त्यांनी नेहमीची गर्जना केली, "सीट! आरसा! पट्टा! हँडब्रेक! क्लच! न्यूट्रल! चावी!" मागच्या बाकावरून कापडवाली बाईही ओरडत होती. ताईंच्या शाळेत हा नियम आहे. मोठ्यानं म्हटल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, आणि सुरू झाल्यावरही थांबायचं नाही. "आरसा पुन्हा! डावीकडे! उजवीकडे! मागे कोण आहे!" आमच्या इमारतीत घड्याळाला गजर कुणी लावत नाही, सहाला या गर्जनेनं मेलेलासुद्धा उठतो.

इंजिन चालू. डॉक्टरनं हात हलवला. "बंद करा, बंद करा! ताई, काही ऐकू येत नाही. गप्प राहून सुरू करा."

"गप्प राहून?"

"तोंडातून अवाक्षर नाही."

ताईंनी ओठ घट्ट मिटले. हात पुढे गेला. थांबला. मागे आला. परत पुढे गेला, हँडब्रेकवर थबकला. पंधरा वर्षं गाडी शिकवणारी बाई, आणि गाडी सुरू करता येईना. "क्लच आधी की न्यूट्रल आधी?" त्यांनी कुजबुजत विचारलं. कापडवाली बाई मागून पुटपुटली, "क्लच." साहेब म्हणाले, "न्यूट्रल." मी म्हटलं, "चावी!" डॉक्टर म्हणाला, "अरे, गप्प म्हणजे सगळे गप्प!"

शेवटी कसंबसं इंजिन लागलं.

टिक, टिक, टिक, टिक, टिक.

भिंतीवरचं घड्याळ घाईत असावं तसं. इंजिनाच्या मागच्या अंगाला, खालच्या बाजूनं. डॉक्टरचा मिटलेला डोळा उघडला. त्यानं खिशातून कसलंसं बिल काढलं, एक पट्टी फाडली, इंजिनातून पाइप निघतो त्या सांध्याजवळ धरली. पट्टी फडफडली. मग आत ओढली गेली, चिकटली. परत फडफडली.

"इथे," डॉक्टर म्हणाला.

आम्ही बाहेरचे तिघं त्या पट्टीकडे बघत राहिलो. मला काही कळलं नाही, पण बघायला छान वाटत होतं. चार-पाच मिनिटं गेली आणि टिकटिक हळूहळू मंद झाली, मग थांबली. पट्टीही हलायची थांबली.

"गेला का बिघाड?" ताई आतून म्हणाल्या.

"गेला नाही, लपला. इंजिन तापलं, लोखंड फुगलं, फट बुजली. आता अकराला या आणि मला म्हणा, डॉक्टर, ऐका! काय ऐकू, कपाळ?" त्याला आता पुरती जाग आली होती. "गार असताना या फटीतून एक फुंकर बाहेर जाते, तेवढीच बाहेरची हवा आत येते. पुढे पाइपात सेन्सर बसलाय. त्याला हवा लागते. तो म्हणतो, हवा जास्त आहे. बरोबरच म्हणतो! गाडी त्याचं ऐकून उगाच पेट्रोल ओतत बसते, आणि शेवटी कंटाळून दिवा लावते."

"पण मग सेन्सर..." साहेबांनी सुरुवात केली.

"साहेब, सेन्सर म्हणजे नाक. घरात घाण वास आला तर आपण घाण शोधतो. तुम्ही नाक बदललंत." त्यानं खिशातून जुना सेन्सर काढून साहेबांच्या हातात दिला. "हा ठणठणीत आहे. तपासलाय मी."

मी टुणकन उडी मारली. "मी काय म्हणालो होतो? सेन्सर नाही गेला! मी म्हणालो होतो! काही माहीत नसताना म्हणालो होतो!"

"आणि काल तू हरलास," साहेब म्हणाले. मफलर नीट केला. "सगळ्यांसमोर. मी आग्रहसुद्धा केला, की बाबा, तू जिंकलायस."

मी ताईंकडे पाहिलं. त्या स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होत्या, खांदे हलत होते. मग लक्षात आलं, की नुसत्या हसत नाहीयेत. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "डॉक्टर, शुक्रवारपर्यंत होईल?"

सांध्याचे दोन नट ढिले निघाले, एक तर होताच कुठे. मधली पॅकिंग जळून कागद झाली होती. डॉक्टर म्हणाला, हे नट आपोआप ढिले होत नाहीत. शिकाऊ माणूस क्लच एकदम सोडतो, गाडी हिसका खाऊन बंद पडते, इंजिन जागच्या जागी उडी मारतं. दिवसातून पन्नास हिसके, पंधरा वर्षं. कापडवाली बाई खाली बघायला लागली. ताई म्हणाल्या, "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता, तुमचे जेमतेम दोनशे असतील."

दुपारपर्यंत नवी पॅकिंग आणि नवे नट बसले. कोड पुसला. आणि मग बुधवार दुपार आणि अख्खा गुरुवार ताईंनी ती गाडी पळवली. शहरातून, बाहेरच्या मोठ्या रस्त्यानं, चढावर, उतारावर. साहेब शेजारी खोकं मांडीवर घेऊन बसलेले, रेडिओवर निकाल लागावा तसे ओरडायचे, "आठपैकी पाच झाल्या! सहा! ताई, चौथ्या गियरमध्येच राहा, सातवी अडलीय!" गुरुवारी संध्याकाळी परतले तेव्हा आठवी अजून राहिलेलीच होती. साहेबांच्या मते एक राहिलेली चालते. डॉक्टरच्या मते बहुतेक चालते. माझं मत कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी ताई नऊला गेल्या. मी दुकानात होतो. अकरा वाजले. एका गिऱ्हाइकाची चावी उलटी घासली. बारा वाजले. दुसऱ्याची चुकवली. साहेब जिन्याच्या पायरीवर बसले होते, वर जायला तयार नव्हते. बारा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोन तास एकमेकांसमोर बसलो आणि एकही वाद नाही.

साडेबाराला गाडी आत आली. ताई उतरल्या, दार लावलं, माझ्या काउंटरवर दोन्ही हात टेकवले.

"झाली."

"पास?"

"पास."

साहेब उठले, आणि घाईघाईनं वर गेले. नंतर त्यांच्या बायकोकडून कळलं, की ते घरी जाऊन रडले. असतात अशी माणसं.

रविवारी सकाळी नऊला सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या. बायको आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून, शेंगा सोलत. डॉक्टर खास माझी फजिती बघायला नऊला उठून आला होता, यावरून मला काय ते समजलं. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून ड्रायव्हरच्या जागी बसले. ताई त्यांच्या शेजारी, कारण शाळेच्या गाडीत त्यांच्याशिवाय कुणी बसायचं नाही, हाही नियम.

"न्यूट्रल!" ताई आतून गरजल्या. "ढकला!"

मी मागून खांदा लावला. गाडी हलली. साहेबांनी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. टाळ्या, शिट्ट्या. मी म्हटलं, बघा, अजून दम आहे माणसात. कचऱ्याच्या डब्यापर्यंत सहज गेलो. वळणावर मात्र गाडी जड झाली. मी पाय रोवले. जरा हलली, परत जड. चढ आहे म्हणावं तर जमीन सपाट. चाकाखाली दगड आहे का, वाकून पाहिलं, नव्हता. सोडली की सुटायची, जोर लावला की अडायची. गॅलरीतून बायको ओरडली, "कंबर सांभाळा!" आणि सगळा मजला हसला. डॉक्टर कान लावल्यासारखं करून म्हणाला, "इंजिनाचा आवाज नाही, तुझाच येतोय."

मी डोळे मिटून दात-ओठ खाऊन रेटलं. गाडी तसूभर हलेना. डोळे उघडले तर नाकासमोर, वीतभर अंतरावर, मागचे दोन्ही लाल दिवे लखलखत होते. मी जोर सोडला. दिवे विझले. जोर लावला. लागले.

साहेबांचे पाय दिसत होते, उघड्या दारातून दोन्ही बाहेरच लोंबत होते. मग आठवलं. शिकवण्याच्या गाडीत दुसराही ब्रेक असतो. डाव्या बाजूला, शिकवणाऱ्याच्या पायाशी.

मी बाजूच्या आरशात पाहिलं. ताई समोर बघत होत्या, अगदी गंभीर चेहऱ्यानं, परीक्षा घेत असल्यासारख्या.

"दादा, थांबू नका!" त्या म्हणाल्या. "अजून अर्धी फेरी आहे!"

मी थुंकी लावून हात चोळले आणि ढकलायला लागलो.